वाचनालयातल्या स्क्रॅबलसाठी शब्दपत्ते : कामाच्या नोंदी (वेंगुर्ले परिसर, 2025)

9 फेब्रुवारी

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलं स्क्रॅबल खेळतात, म्हणजे हातातल्या सात अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जोडायचा खेळ. प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण असतात. सहावी ते दहावीची, बहुतेक मराठी माध्यमाची. खेळात जीव रमतो, पण हातात क्यू आला किंवा सातच्या सात टाइल स्वरांच्या निघाल्या की चेहरा पडतो आणि पाळी सोडून दिली जाते. मोठी मुलं पाठ केलेले दोन-चार शब्द लावून पुढे जातात, धाकटी बसून राहतात. त्यावर उपाय म्हणून शब्दपत्ते करायला घेतले आहेत. पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठीत अर्थ. मे महिन्याच्या सुट्टीआधी पेटी तयार हवी.

दुसऱ्या कुणाला आपल्या गावात हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे. पत्त्यावर स्पेलिंग रोमन अक्षरांत आहे. इथे मात्र मुलं खेळताना मोठ्याने म्हणतात तसं, एकेक अक्षर फोडून नागरीत लिहिते.

16 फेब्रुवारी

पहिला प्रश्न: खेळात चालणाऱ्या शब्दांची कोणती यादी खरी मानायची? अमेरिका-कॅनडात एक यादी चालते आणि भारतासकट बाकी बऱ्याच जगात कॉलिन्स या कोश काढणाऱ्या प्रकाशनाची. खेळाचे हक्कही असेच वाटलेले आहेत, तिकडे हॅस्ब्रो आणि इकडे मॅटेल या कंपन्यांकडे. आपल्याकडच्या स्पर्धा कॉलिन्सवर होतात, म्हणून आम्हीही तीच धरली.

पण संगणकावर चाळणी लावायला यादी हवी होती. एनेबल नावाची खुली यादी फुकट मिळते, तिच्यात सुमारे 1,72,000 शब्द आहेत. ती स्प्रेडशीटमध्ये ओतली. वाचनालयाचा संगणक जुना, त्यामुळे एवढ्या ओळी उघडताना दर वेळी तो अडकून बसायचा आणि त्यातच सकाळ गेली. शेवटी शब्दांच्या लांबीनुसार फाइलीचे तुकडे केले. दोन ते पाच अक्षरांची एक फाइल आणि सहा ते आठची दुसरी. आठच्या पुढचं सगळं काढून टाकलं. मुलांच्या खेळात त्याचा उपयोग नाही.

मग लक्षात आलं की यादीत क्यू-आय हा शब्दच नाही. क्यूची सुटका करायला याहून छोटा शब्द नाही, आणि तोच गायब. एनेबल जुनी आहे. क्यू-आय अमेरिकेच्या यादीतही 2006 साली आला. म्हणजे फुकटच्या यादीवर सगळं सोडून भागणार नव्हतं. अर्थांसह छापलेला कॉलिन्सचा स्क्रॅबल कोश मागवला. वाचनालयाच्या पुस्तक खरेदीतून 650 रुपये गेले. आता चाळणी संगणकावर आणि खात्री पुस्तकात, असं ठरलं. पुस्तकात न सापडलेल्या शब्दाचा पत्ता करायचा नाही.

23 फेब्रुवारी

इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यू लागतो, आणि तो हातात नसला की मूल अडतं. म्हणून क्यूनंतर यू न येणारे शब्द काढायचे होते. मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलाने चाळणी लावली: क्यू आहे, यू नाही. यादी झटकन आली, पण कोश उघडून ताडून पाहिली तर भोकं दिसू लागली. बी-यू-आर-क्यू-ए नव्हता, एस-यू-क्यूही नव्हता. दोन्हींत यू आहे, फक्त तो क्यूच्या लगेच नंतर नाही. चाळणीला ‘यू नसलेले’ सांगून चालत नाही, ‘क्यूयू ही जोडी नसलेले’ असं सांगावं लागतं. कामाला पाच मिनिटं लागली. पण कोश उघडलाच नसता तर हे शब्द पेटीत आलेच नसते, आणि मुलांनी ते चुकीचे म्हणून नाकारले असते.

2 मार्च

याआधी भिंतीवर दोन अक्षरी शब्दांचा तक्ता लावला होता. कॉलिन्सच्या 2019 च्या आवृत्तीत असे 127 शब्द आहेत. अकारविल्हे, चार रकाने, मोठा टाइप, कलर प्रिंटचे 90 रुपये. तक्ता नेटका दिसत होता, पण वापरला कुणीच नाही. खेळताना मुलं त्याच्याकडे बघायची आणि परत खाली बघायची.

आज मुद्दाम त्यांच्या मागे उभी राहून बघत राहिले. अडलेलं मूल शब्द शोधत नसतं, ते एका अक्षरापाशी अडलेलं असतं. ‘माझ्याकडे झेड आहे, काय करू’ हा त्याचा प्रश्न असतो. तक्ता ए-एपासून सुरू होतो आणि झेडपर्यंत पोचेपर्यंत पाळी आलेली असते. शिवाय नुसता शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही. ए-ए हा शब्द आहे हे वाचून कुणाच्या डोक्यात काही उमटत नाही आणि पुढच्या रविवारी तो विसरलेला असतो.

म्हणून पत्त्यांची मांडणी बदलली. अकारविल्हे रद्द. अक्षर जिथे अडतं तिथून गठ्ठे करायचे: क्यू पण यू नाही, हात स्वरांनी भरला, हातात एकही स्वर नाही, झेड, जे-एक्स. प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेला वेगळा रंग. प्रत्येक शब्दाला अर्थ हवाच, आणि तो मुलाला डोळ्यांसमोर आणता येईल असा. ज्या शब्दाचा अर्थ दोन ओळींत मराठीत सांगता आला नाही, तो बाजूला ठेवला.

9 मार्च

क्यूचा गठ्ठा सोपा जाईल असं वाटलं होतं, कारण अर्धे शब्द आपल्या कानावरचे. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, क्यू-ए-डी-आय म्हणजे काजी. पण ओळखीच्या शब्दांनीच जास्त दगा दिला.

क्यू-ए-एन-ए-टी. मदतनीसाने पत्त्यावर लिहिलं, ‘तंबूची कापडी भिंत’. मराठीत कनात म्हणजे तेच. पण इंग्रजी कोशातला शब्द वेगळा आहे. इराणसारख्या कोरड्या मुलखात डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खोदलेल्या बोगद्यातून गावापर्यंत आणतात, मध्ये मध्ये वर विहिरीसारखी तोंडं असतात, ते हे. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. पत्त्यावर आता ‘जमिनीखालून पाणी आणणारा पाट, नहर-ए-अंबरी आठवा’ असं आहे. आमच्या बागांतले पाट उघडे असतात, तो फरक मुलांना लगेच कळला.

एन-आय-क्यू-ए-बी आणि बी-यू-आर-क्यू-ए, दोन्हींवर ‘बुरखा’ लिहिलं होतं. आठवीतल्या एका मुलीने पत्ता उलटून बघितला आणि म्हणाली, हे दोन वेगळे. रोजे चालू होते, म्हणून संध्याकाळी इफ्तार झाल्यावर तिच्या आईला भेटायला गेले. त्यांनी दुपट्टा घेऊन करून दाखवलं: नकाब चेहऱ्यावरचा, डोळे उघडे राहतात, बुरखा अंगभर. किब्ल्याचा, म्हणजे क्यू-आय-बी-एल-एचा अर्थही त्यांच्याकडूनच नीट घेतला. नमाज पढताना तोंड करायची काबेची दिशा. आपल्याकडून ती पश्चिमेला पडते, जरा उत्तरेकडे झुकून. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहिलं तर समुद्राकडे. पत्त्यावर समुद्र आणि बाण असं छोटं चित्र काढलं आहे. शब्द ज्यांच्या घरात वापरला जातो त्यांना विचारल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, हे इथे पक्कं झालं. कोशातली एक ओळ त्यासाठी पुरत नाही.

बाकी क्यूचे: क्यू-ए-टी, येमेनकडे लोक चघळतात ती पानं. एस-यू-क्यू, अरबी देशातला बाजार. क्यू-आय, उच्चार ‘ची’, चिनी कल्पनेतली शरीरातली प्राणशक्ती. या शेवटच्या पत्त्याच्या मागे गणितही लिहिलं. दहा गुणांचा क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरावर पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर 31 आणि 31 मिळून 62 गुण. मुलांना अर्थाआधी हेच पाठ झालं.

16 मार्च

शिमगा. काम नाही, मुलं पालखीमागे.

23 मार्च

झेडच्या गठ्ठ्यात ए-डी-झेड-ई आला. कोशात ‘लाकूड तासायचं हत्यार’ एवढंच. मुलांना त्यावरून काही दिसेना. होड्या दुरुस्त होतात तिथे त्यांना घेऊन गेले. म्हातारे मिस्त्री होडीच्या फळीवर काम करत होते. हत्याराचं पातं दांड्याला आडवं, कुदळीसारखं. दोन पायांमध्ये फळी धरून स्वतःच्या दिशेने हलके घाव घालायचे आणि पातळ सालपं सुटत जायची. ‘ह्याका वाकस म्हणतत,’ ते म्हणाले. पात्याची धार आतल्या बाजूला असते हेही त्यांनी बोट लावून दाखवलं. सातवीतल्या मुलाने तिथेच वहीत चित्र काढलं, तेच पत्त्यावर आहे. 14 गुणांचा शब्द आता कुणी विसरत नाही.

झेड-ई-बी-यू म्हणजे वशिंडवाला आपला बैल, हा एका वाक्यात उरकला. झेड-ओ-ई-एला मात्र वेळ लागला. कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, अंड्यातून निघाल्यावरचं पहिलं रूप, पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना जेमतेम दिसणारं. मच्छीमारांच्या मुलांनाही हे ठाऊक नव्हतं, कारण जाळ्यात सापडते ती मोठी कुर्ली. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं: मोठे डोळे, पाठीवर लांब काटा, कुर्लीशी काही साम्य नाही. या शब्दाचा जादा फायदा असा की अनेकवचन झेड-ओ-ई-ए-ई पण चालतं, म्हणजे चार स्वर एका फटक्यात बाहेर.

30 मार्च

आज पाडवा, छपाईवाला बंद. उद्या ईद. घरी बसून गुणांचा आणि टाइलांचा हिशेब केला, आणि कामाची दिशाच बदलावी लागली.

खेळात 100 टाइल. त्यात ई 12, ए आणि आय 9-9, ओ 8, यू 4. म्हणजे 42 स्वर. क्यू एकच, झेड एकच. हे आकडे अंदाजाने ठरलेले नाहीत. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून त्यांचं प्रमाण काढलं. एसच्या टाइल मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवल्या, नाहीतर प्रत्येक शब्दाला अनेकवचनाची शेपूट लावून खेळ सोपा झाला असता.

क्यूवर आमचे आठवडे गेले, पण क्यू एका डावात एकदाच येतो, आणि तोही एकाच्याच हाती. स्वरांनी भरलेला हात तर जवळजवळ प्रत्येक डावात कुणाचा ना कुणाचा असतो. म्हणून स्वरांचा गठ्ठा दुप्पट केला. ए-ए: हवाईत मिळणारा खडबडीत, टोकदार लाव्हा. ए-आय: दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा आळशी प्राणी, झाडाला उलटा लटकतो. ओ-ई: उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांकडचा वावटळीसारखा वारा. ए-आय-ए: मुलं सांभाळणारी आया, शब्द पोर्तुगीज, आपल्याकडेही तिथूनच आला. हा शेवटचा वाचून दाखवला तेव्हा मुलं एकदम ‘अगोऽ’ म्हणाली.

स्वर नसलेल्यांचा गठ्ठा लहान ठेवला आहे. सी-डब्ल्यू-एम हा वेल्श भाषेतून आलेला, डोंगरातल्या वाटीसारख्या दरीचा शब्द. बाकी एच-एम-एम, बी-आर-आर, एस-एच-एच असे उद्गार, त्यांना अर्थ सांगावा लागत नाही.

6 एप्रिल

छपाई. 300 जीएसएमचा आर्ट कार्ड, ए-फोर, एका पानावर आठ पत्ते: दोन रकाने, चार ओळी. आधी घरच्या इंकजेटवर एक पान काढून बघितलं. रात्रभर खिडकीशी ठेवलं तर सकाळी अक्षरांच्या कडा पसरल्या होत्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत इंकजेट नको. लेझर प्रिंट काढली, पानाच्या एका बाजूला 4 रुपये.

दोन्ही बाजूंच्या छपाईत मोठा घोळ झाला. पान उलटलं की डावा रकाना मागे उजवीकडे जातो. फाइलीत अर्थ शब्दांच्याच क्रमाने लावले होते, त्यामुळे क्यू-ए-टीच्या मागे काजी आणि क्यू-ए-डी-आयच्या मागे येमेनची पानं. अख्खा पहिला गठ्ठा रद्दीत, 300 रुपयांच्या आसपास गेले. उपाय दोन, आणि दोन्ही करा: अर्थांच्या पानावर डावा-उजवा रकाना फाइलीतच अदलाबदल करा, आणि प्रत्येक पत्त्याच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यात तोच नंबर छापा. नंबर असला की एक पान बघूनच कळतं, सगळं छापून होईपर्यंत थांबावं लागत नाही.

13 एप्रिल

लॅमिनेशन. वेळ वाचवायला आधी पूर्ण ए-फोर पान लॅमिनेट केलं आणि मग कटरने कापलं. पत्ते छान दिसले. आठवड्यात कडा सुटल्या, प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये दमट हवा शिरली आणि कागद फुगला. कापलेल्या कडेला चिकट काही उरत नाही, कागद थेट हवेला लागतो. आता आधी पत्ता कापायचा, कोपरे गोल करायचे, मग 125 मायक्रॉनच्या छोट्या पाऊचमध्ये घालायचा, आणि चारही बाजूंना कागदाबाहेर निदान 3 मिलिमीटर प्लास्टिक राहील असं बघायचं. कोपरा टोकदार राहिला तर तो आतून प्लास्टिक टोचतो. कोपरे कापायचं पंच 280 रुपयांना मिळालं, त्याचा खर्च वसूल झाला.

दुसरी अडचण विजेची. पाऊच रोलरच्या मध्ये असताना लाइट गेली तर यंत्र थांबतं, पण रोलर गरमच असतो. पाऊच तिथे चिकटतं, कागद पिवळा पडतो. आमच्या यंत्राला मागे एक खिट्टी आहे, ती ओढली की रोलर सैल होतो. ती कुठे आहे हे लाइट जाण्याआधी बघून ठेवा. इन्व्हर्टरवर चालवून बघितलं, यंत्र गरम होताना तो ट्रिप होतो. शेवटी सगळं लॅमिनेशन सकाळी सात ते नऊमध्ये केलं, आमच्याकडे तेव्हा लाइट सहसा टिकते.

20 एप्रिल

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा गठ्ठा, ‘आपल्याकडचे’. याची कल्पना माझी नाही, एका तांडेलाच्या मुलीची आहे. कोश चाळताना तिला बी-यू-एम-एम-ए-एल-ओ दिसला, पुढे ‘सुकवून खातात तो मासा’ असं. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. ती ओरडली, ‘काकी, ह्यो तर आमचो बोंबील!’ आणि खरंच, इंग्रजी शब्द मराठी बोंबलावरूनच गेलेला. सात अक्षरं, म्हणजे सगळ्या टाइल एकदम लावल्या तर 50 गुणांचं बक्षीस. अक्षरांचे 13. डावाची सुरुवात करताना मधल्या चांदणीवर दुप्पट होऊन 26, वर 50, म्हणजे निदान 76.

तिथून मुलांनी कोशात आपला किनारा शोधायला सुरुवात केली. त्यांना थांबवलं नाही, पत्ते उशिरा छापले. के-ओ-के-यू-एम: कोकम. हाही मराठीतून तिकडे गेलेला. यात एक व्यावहारिक खोच आहे: संचात के एकच आहे, म्हणून दुसऱ्या केच्या जागी कोरी (कुठल्याही अक्षराऐवजी चालणारी) टाइल लागते आणि तिचे गुण शून्य, एकूण 10. हे पत्त्यावर लिहिलं, नाहीतर मूल दुसऱ्या केची वाट बघत बसतं. सी-ओ-आय-आर: काथ्या. सी-ओ-पी-आर-ए: सुकं खोबरं. एस-ई-आय-आर: सुरमईच्या जातीचा मासा, आणि चारही अक्षरं सतत हातात येणारी. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई: मुंगूस, मराठीतूनच गेलेला, आठ अक्षरांचा असल्याने एक अक्षर बोर्डावर आधीच असावं लागतं.

गलबतांचे शब्द आजोबा मंडळींनी सांगितले आणि कोशात सापडले. एस-ई-आर-ए-एन-जी म्हणजे सारंग, जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. टी-आय-एन-डी-ए-एल म्हणजे जहाजावरच्या खलाशांमधला हुद्देदार, आपला तांडेल. एल-ए-एस-सी-ए-आर हा लष्करवरून, पण अर्थ सैनिक नाही. युरोपीय जहाजांवर काम करणारा आशियाई खलाशी. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत जुने लोक बोटीवर गेलेले आहेत, त्यामुळे या पत्त्याभोवती रविवारी बराच वेळ गेला. जी-ए-एल-एल-आय-व्ही-ए-टी म्हटल्यावर एका मुलाने आपण होऊन ‘कान्होजी आंग्रे, गलबत आणि गुराब’ असं सांगितलं.

27 एप्रिल

टाइलांचं काम. जुन्या संचात एक कोरी, दोन ई आणि एक व्ही हरवलेल्या. नवा संच घेण्यापेक्षा तेवढ्याच करून घ्यायच्या ठरल्या. सुताराने शिवणीच्या लाकडातून त्याच मापाच्या कापून दिल्या, पैसे घेतले नाहीत. अक्षर तापलेल्या तारेने कोरलं.

दिसायला उत्तम, पण पहिल्याच डावात तक्रार आली. पिशवीत हात घातला की बोटांना खोल अक्षर लागतं, आणि कोरी टाइल तर गुळगुळीत म्हणून लगेच ओळखू येते. कोरी टाइल ज्याला शोधून काढता येते तो जिंकलाच. सावंतवाडीच्या चितारआळीतून लाखेची काळी कांडी आणली, 40 रुपये. खाचेत गरम लाख भरली, थंड झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभागाबरोबर घासली. डोळे मिटून आठ-दहा जणांना ओळखायला लावलं, ओळखता आलं नाही. नुसतं कोरून सोडू नका.

11 मे

सुट्टी. चाकरमान्यांची मुलं मुंबईहून आली आहेत, त्यातली बरीच इंग्रजी माध्यमाची. टेबलाभोवती जागा पुरत नाही.

आज तांडेलाच्या मुलीने बोर्डावर टी-आय-एन-डी-ए-एल लावला. समोरच्या मुलाने ‘असा शब्दच नाही’ म्हणून हरकत घेतली. आमचा नियम असा: हरकत घेतली की पत्ता नाही, छापलेला कोश उघडायचा; शब्द असला तर हरकत घेणाऱ्याची पाळी जाते. कोश उघडला. शब्द होता. मुलाने अर्थ विचारला तेव्हा तिने पत्ता न बघता सांगितलं, आणि तिचे वडील काय काम करतात तेही सांगितलं. नंतर तो मुलगा ‘आपल्याकडचे’ गठ्ठा घेऊन बराच वेळ खिडकीशी बसला होता.

पत्ते टेबलावर ठेवायचे की नाहीत यावर वाद झाला. मोठ्या मुलांचं म्हणणं, डाव चालू असताना पत्ते बघणं म्हणजे कॉपी. धाकट्यांना पत्ते नसले तर खेळता येत नाही. सध्या सातवीपर्यंत डावात एक गठ्ठा जवळ ठेवायची मुभा, आठवीपासून डाव संपल्यावरच. मला हे बरोबर वाटतं, कारण धाकटी मुलं तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा मागतात आणि दोन-तीन रविवारांत त्यातले शब्द न बघता लावू लागतात.

25 मे

गेले काही दिवस पाऊस थांबलेला नाही. आज मान्सून तळकोकणात दाखल झाल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा बराच लवकर. आमची तयारी जूनच्या हिशेबाने होती.

पेटी उघडून सगळे पत्ते तपासले. आधी कापून मग लॅमिनेट केलेले शाबूत आहेत. पहिल्या पद्धतीचे जे उरले होते त्यांच्या कडांवर काळे ठिपके, ते काढून टाकले. पुठ्ठ्याची पेटी मऊ पडली होती, आता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात पत्ते आहेत, 160 रुपये, आणि आत सिलिका जेलची पुडी. पुडीचे दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी बदलायची ते कळतं. लाकडी टाइल किंचित फुगल्या आहेत आणि स्टँडच्या खाचेत अडकतात, पुन्हा घासाव्या लागतील. सुतार म्हणाले, पाऊस संपेपर्यंत थांबा, आत्ता घासल्या तर दिवाळीनंतर सैल होतील. म्हणून तोवर त्या चार टाइल बाजूला ठेवून प्लास्टिकच्या उसन्या वापरतो आहोत.

22 जून

शाळा सुरू झाल्या. रविवारची गर्दी कमी झाली, पण पेटी घरी न्यायला मागणी आहे. एका वेळी एक गठ्ठा, आठवड्यासाठी, वाचनालयाच्या पुस्तकासारखी नोंद करून.

खर्च: कोश 650, तक्ता 90, वाया गेलेली छपाई धरून कागद व छपाई 1,450, पाऊच 420, पंच 280, लाख 40, डबा आणि सिलिका जेल 210. एकूण 3,140 रुपये. पहिल्याच वेळी रकाने उलटे केले असते आणि लॅमिनेशन बरोबर केलं असतं तर सातशे रुपये तरी वाचले असते. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला, आणि तो मुख्यतः अर्थ लिहिण्यात. तो कमी करता येईल असं वाटत नाही.

पुढच्या छपाईसाठी बाजूला काढलेले शब्द: जे आणि एक्सचा गठ्ठा अजून पातळ आहे. एक्स-ई-बी-ई-सी, भूमध्य समुद्रातलं तीन डोलकाठ्यांचं चपळ जहाज, घ्यायचा आहे. पी-ए-टी-ए-एम-ए-आर म्हणजे आपली फत्तेमारी, शिडाचं जुनं गलबत; तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कशी पुढे झुकलेली असायची ते चित्रात नीट यायला हवं. गावात फत्तेमारीवर काम केलेले एक आजोबा आहेत, त्यांना पाऊस उघडला की वाचनालयात आणायचं कबूल करून घेतलं आहे. तोपर्यंत त्या पत्त्याची मागची बाजू कोरी.